जाहिरात लागली की उठायचं नाही

सातपूरच्या अलीकडे एका कॉलनीत आम्ही नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. खाली घरमालक, वर आम्ही. वर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे मोठी गच्ची. मालकांना सगळी कॉलनी नाना म्हणायची, म्हणून मीही नाना म्हणायचे. अंगानं काडी, शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायची सवय. आयुष्यभर नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात तपासनीस. एखादा सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा. निवृत्त झाले तरी ती नजर काही गेली नव्हती. माझी भाकरी कडेला जाड झाली की त्यांना जिन्यातून कळायचं.

त्या वेळी कॉलनीत रंगीत टीव्ही दोघांकडेच. आमचा काळा-पांढरा, तोही कानफटात मारल्याशिवाय चालायचा नाही. त्यामुळे संध्याकाळी आम्ही चार-पाच बायका नानांकडे जमायचो. नानांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू म्हणजे साखरेचं पोतं. मायेनं म्हणते तसं, आणि दुर्दैवानं दुसऱ्या अर्थानंही. त्यांना मधुमेह होता.

पहिल्याच दिवशीची गोष्ट सांगते. मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढायला निघाली होती, आणि नेमकी जाहिरात लागली. मला आठवलं, वर गॅसवर दूध आहे. मी उठले.

"कुठे निघालात, वहिनी?" नाना भिंतीकडे बघून म्हणाले.

"दूध ठेवलंय वर."

"जाहिरात चालू आहे."

"म्हणून तर जातेय."

 एकीनं माझा पदर धरून खाली ओढलं. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"जाहिरात लागली की उठायचं नाही," नाना म्हणाले. "दूध उतरवायचं असेल तर मालिका चालू असताना जा. मालिका तुमची आहे, हवी तेवढी बुडवा. जाहिरात त्यांची आहे."

मला वाटलं गंमत करतायत. पण माणूस ताठ बसून साबणाची जाहिरात बघत होता, जसा काही समोर कुणी मोठा पाहुणा बोलतोय. दूध अर्थातच ओट्यावर आलं.

पुढे मला कळलं की या घरात हा नियम पक्का होता. आम्ही बायकांनी त्याची सवय करून घेतली. कुकरच्या शिट्ट्या मोजायला, कणीक भिजवायला, पोराला शी-शूला न्यायला आम्ही मालिका चालू असताना जायचो. परिणाम असा, की आम्हाला सगळे साबण, सगळे चहा, सगळ्या टूथपेस्ट पाठ. पण मालिकेत कोण मेलं आणि कोण जिवंत आहे याचा पत्ता नाही. शेजारची मावशी एकदा वैतागून म्हणाली, "नाना, लय झालं हां आता. नवरा परत आला तेव्हा मी घरी डाळीला फोडणी देत होते. कुठनं आला, काय आला, काय बी कळलं नाय."

"डाळ चांगली झाली ना?" नाना म्हणाले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. एकदा मी त्यांना विचारलंच, की असं का. तर म्हणाले, "वहिनी, गोष्ट तुम्हाला फुकट दाखवतात का? त्या साबणवाल्याच्या जिवावर दाखवतात. कीर्तन मन लावून ऐकायचं आणि आरतीचं ताट फिरायला लागलं की चपला घालायच्या, याला काय म्हणाल?"

"पण नाना, साबण तर तुम्ही कधी तो घेत नाही."

"ताटात काही टाकलंच पाहिजे असं कोण म्हणतं? नमस्कार तरी करावा."

हे झालं टीव्हीचं. पण त्यांचा नमस्कार सगळ्यालाच होता. पेपर वाचायचे तर पहिल्या पानावरच्या डाव्या कोपऱ्यापासून शेवटच्या पानावरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. निविदा, जाहीर नोटिसा, 'मी माझे नाव बदलले आहे', हरवले-सापडले, सगळं. मेन रोडला कुणी हातात पत्रक दिलं की तिथंच उभं राहून दोन्ही बाजूंनी वाचायचे आणि मग देणाऱ्याला म्हणायचे, "वाचलं हो." तो बिचारा घाबरायचा. त्याला आयुष्यात असं कुणी म्हटलेलं नसायचं. स्कूटरवर मागे काकू बसलेल्या, आणि नाना रस्त्याच्या कडेला थांबून भिंतीवर रंगवलेली सिमेंटची जाहिरात वाचतायत, हे मी स्वतः पाहिलंय. काकू मागून म्हणत होत्या, "अहो, परवा हीच वाचली होती. बदलली नाहीये."

एकदा व्हॅक्युम क्लीनर विकणारी एक मुलगी आली. बाकीच्या घरांनी दारातूनच 'नको नको' केलं होतं. नानांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "सांगा." पोरीला हुरूप आला. तिनं गाद्या झाडल्या, पडदे झाडले, माळ्यावरच्या जळमटांपर्यंत पोचली. दीड तास. नानांनी मध्ये मध्ये प्रश्नसुद्धा विचारले, मोटर किती ताकदीची, पिशवी कुठे मिळते. सगळं झाल्यावर म्हणाले, "फार छान वस्तू आहे. घेणार नाही."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. "मग काका, दीड तास का बसवलंत मला?"

"तुमचं पाठांतर उत्तम आहे. मध्ये कसं तोडायचं?"

काकूंनी तिला पोहे खाऊ घातले, वर डबा दिला, आणि ती गेल्यावर चकचकीत घराकडे बघत मला हळूच म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी पुन्हा येईल का गं ती?"

नंतर आम्ही ते घर सोडलं तरी येणं-जाणं राहिलं. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांच्या पुण्याच्या मुलानं नवीन डबा आणून बसवला, ज्यात कार्यक्रम भरून ठेवता येतात आणि जाहिरात आली की बटण दाबून पुढे पळवता येतं. मी भेटायला गेले तर नानांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावलेली. मुलगा कपाळाला हात लावून मला म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा यांना. अर्धं आयुष्य जाहिरातीत चाललंय यांचं."

"माझं तर गेलंच," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल मी त्यांची नुसती थट्टा करतेय. करतेच आहे, त्यांनीही माझी कमी केली नाही. पण एक गोष्ट अशी आहे की जिच्यात थट्टा माझ्याकडे उलटली, ती सांगितल्याशिवाय नाना पुरते कळायचे नाहीत.

आम्ही अजून नानांच्या वरच राहत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे हे ज्या कारखान्यात होते त्याला टाळं लागलं. पाच महिने हे घरी. मग मी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करायला घेतले. पेठ तालुक्याकडची एक बाई डोक्यावर नागलीचं बाचकं घेऊन यायची, तिच्याकडून घ्यायची, दळून आणायची, पीठ शिजवायचं, गरम असतानाच मळायचं आणि लाटून गच्चीवर वाळत घालायचे. नानांची गच्ची, पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट कावळे हाकलायला येऊन बसायचे. पापड चांगलेच व्हायचे माझे. पण घेणार कोण? कॉलनी किती खाणार?

तेव्हा गावातला केबलवाला दुपारी सिनेमा लावायचा आणि मध्ये गावातल्या दुकानांच्या जाहिराती दाखवायचा. एक चित्र आणि मागे आवाज. कल्पना नानांचीच. म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बघितल्यात. एक स्वतःची द्या."

मी केबलवाल्याच्या खोलीत गेले. तिथला माणूस कागद-पेन घेऊन बसला. म्हणाला, "काय विशेष आहे पापडात?"

"नागलीचे आहेत. हातानं लाटलेले."

"ते सगळेच म्हणतात, ताई. नागली शुगरला चांगली असते ना?"

"म्हणतात लोक."

त्यानं लिहिलं, 'मधुमेहावर रामबाण. आठ दिवसांत शुगर बरी.' आणि कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. हात थबकला माझा, नाही असं नाही. म्हटलं, "एवढं लिहायचं का?"

"ताई, जाहिरात आहे. जाहिरात ऐकतं कोण? लागली की सगळे पाणी प्यायला जातात. कानावर एखादा शब्द पडला तर पडला."

ते मला पटलं. खरं सांगते, पटवून घेतलं. घरी पाच महिने बसलेला नवरा डोळ्यांपुढे होता. मनात म्हटलं, सगळं नाशिक उठून जातं, तर माझं खोटं ऐकायला बसलंय कोण? आणि माइकपुढे ठणठणीत आवाजात वाचून टाकलं.

बसलं होतं कोण, ते मी विसरले. माझ्याच जिन्याखाली एक घर असं होतं, की जिथं कुणालाच उठायची परवानगी नव्हती.

जाहिरात लागली आणि पापड सुटले. काय सांगू, इंदिरानगरहून, पंचवटीहून लोक यायला लागले. हे पिशव्या भरायला बसले, पाच महिन्यांनी यांच्या चेहऱ्यावर कळा आली. काकूही रोज न्यायच्या. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी तळलेले चार. मी म्हटलं, "काकू, तेल जास्त होतंय हो." तर म्हणाल्या, "तूच सांगतेस ना टीव्हीवर." मला वाटलं, चेष्टा करतायत.

पंधरा-वीस दिवसांनी काकू कपडे वाळत घालताना चक्कर येऊन पडल्या. कपाळाला तीन टाके. डॉक्टर म्हणाले, साखर कुठच्या कुठे गेलीय, गोळी घेत नाही का? काकू म्हणाल्या, विसरत होते. पण नानांना घरी कपाटात साड्यांच्या घडीत गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली. मी तेव्हा तिथंच होते, काकूंची चादर बदलत होते.

"का?" नाना एवढंच म्हणाले.

काकू आधी माझ्याकडे बघेनात. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं बसवून बसवून जाहिराती दाखवल्यात मला. कुठल्या बाईवर विश्वास ठेवला नाही. ही आपल्या घरातली म्हणून ठेवला."

नाना मला काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन काकूंजवळ बसले. मी वर आले. यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका काकूंना बघायला खाली जमल्या. टीव्ही चालूच होता. सिनेमा थांबला आणि माझे पापड पडद्यावर आले. माझाच आवाज, 'मधुमेहावर रामबाण'.

नाना उठले. इतक्या वर्षांत जे पाठ टेकायचेसुद्धा नाहीत, ते उठले, दार उघडून बाहेर गेले आणि फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.  काकू पलंगावरून, सवयीनं म्हणाल्या, "अहो, जाहिरात चालू आहे."

कुणी हसलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते, मला भिंतीत जावंसं वाटलं.

मग मीच बाहेर गेले. म्हटलं, "नाना, शिव्या द्या मला."

"कशाला? चूक माझीही आहे." या वेळी ते भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "मी बघा म्हणत आलो. खरं माना असं कधी म्हटलं नाही, पण पारखून घ्या असंही कधी शिकवलं नाही. साबणवाला काय म्हणतो ते कुणी खरं मानत नाही, म्हणून चालून गेलं." मग म्हणाले, "वहिनी, कारखान्यात माझा शिक्का पडला की पुढचा माणूस तो भाग पुन्हा मोजत नसे. नुसता शिक्का बघायचा आणि बसवायचा. तो विमानात बसणार नव्हता, मीही नव्हतो. पण कुणीतरी बसणार होतंच ना?"

"केबलवाला म्हणाला, ऐकतं कोण."

"आणि तुम्ही त्याला माझ्याबद्दल सांगितलं नाहीत?"

एवढ्या वेळातही मला हसू आलं, आणि मग रडू आलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी हातातली पिशवी ढिगावर ठेवली. म्हणाले, "बदललीस तर गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"मग जा उद्याच. अजून कुठे कुठे कुणी पडायच्या आत."

केबलवाल्यानं माझा कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "ताई, ही जाहिरात आहे की माफीनामा?"

"जे आहे ते. लावा."

मी माइकपुढे म्हटलं, "नागलीचे पापड. हातानं लाटलेले, गच्चीवर वाळवलेले. चवीला चांगले आहेत. यांनी शुगर बरी होत नाही. मागच्या वेळी मी तसं म्हटलं होतं, ते खोटं होतं. कुणी गोळी बंद केली असेल तर आजच सुरू करा." शेवटी आवाज चिरकला. पुन्हा करू का विचारलं, तर तो म्हणाला, "नको, आता माझ्याच्यानं ऐकवणार नाही."

ती लागली त्या दिवशी नाना ताठ बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "शेवटी आवाज पडलाय." बस. शाबासकी नाही, काही नाही.

गावानं मात्र मजा केली. किराणा दुकानात गेले की दुकानदार म्हणायचा, "या ताई. साखर देऊ? बरी न होणारी?" गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, मग निम्म्याच्याही निम्म्यावर. हे पुन्हा रिकामे बसायला लागले. तरी मला म्हणाले नाहीत काही. रोज रात्री अंथरुणावर पडलं की मला एकच यायचं मनात. पहिली जाहिरात किती जणांनी ऐकली असेल, आणि त्यातल्या किती जणांनी दुसरी ऐकली असेल? दुसरीच्या वेळी ते पाणी प्यायला उठले असतील तर?

आठवड्यानं एक बाई जिना चढून आली. धापा टाकत होती, हातात उन्हाची छत्री आणि बसचं तिकीट. मी पीठ मळत होते.

"टीव्हीवरच्या पापडवाल्या तुम्हीच का?"

"हो, मीच. या ना."

"आमच्या सासूबाईंनी तुमच्यापायी गोळी सोडली होती. पंधरा दिवस. आम्हाला पत्ताच नाही. काल तुमची दुसरी ऐकली मी, तेव्हा त्यांना दरडावून विचारलं, तर कबूल झाल्या."

 म्हटलं, "बसा, पाणी घ्या." तिनं पाणी घेतलं. गच्चीवर पसरलेल्या पापडांकडे बघितलं.

"हेच का ते?"

"चाखून बघा ना. भाजून देते."

"नको. आमच्याकडे नागली कुणी खात नाही." भांडं खाली ठेवून तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोण बाई आहे ते बघायला आले होते." आणि गेली निघून.

मी तशीच खाली गेले. नाना पेपर वाचत होते. म्हटलं, "बघा नाना. बसनं एवढ्या लांब आली, जिना चढली, पाणी प्यायली, आणि एक पापड घेतला नाही!" पुढचं सगळं सांगितलं. थोडं रागानं, थोडं कौतुकानंही असेल.

नानांनी पेपर खाली केला. "मग गोळी सुरू झाली का?"

"कुणाची?"

"त्या सासूबाईंची."

 तिनं कबुलीचं सांगितलं होतं, गोळीचं नव्हतं. मी तिला पापड भाजून द्यायला निघाले होते आणि एवढं एक विचारलं नव्हतं.

पायात काय घातलं बघितलंही नाही, तशीच धावत सुटले. कॉलनीतून हमरस्त्यापर्यंत, पिठाचे हात, पदर कमरेला, लोक वळून बघतायत. बस सुटतच होती. ती बाई खिडकीशी बसलेली दिसली. मी बसबरोबर पळत ओरडले, "अहो ताई! गोळी! गोळी सुरू केली का?"

कंडक्टरनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. अख्खी बस बघत होती. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "केली! सकाळीच माझ्या हातानं दिली! जेवल्याबरोबर!"

बस गेली. मी थांब्याच्या बाकावर बसले. कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. शेजारी एक कामगार पाळीला निघाला होता, तो सरकून जागा देत म्हणाला, "मावशी, बस चुकली का?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं, "वेळेत गाठली." आणि खाली बघते तर एका पायात माझी चप्पल, आणि दुसऱ्यात नानांची.